आखाड्यातल्या पोरांना काउंटर शिकवताना

खानदेशात एमएमए (ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र असलेली लढत) शिकायला येणारं पोरगं बहुतेक वेळा आखाड्यातून आलेलं असतं. रावेर-यावलकडचं असो नाहीतर पारोळा-अमळनेरकडचं, यात्रेच्या दंगलीत त्याने कुस्त्या मारलेल्या असतात. एकेरी पट, दुहेरी पट (पाय धरून पाडायचे डाव), ढाक हे अंगात मुरलेलं असतं. मान जाड, पकड घट्ट, दम भरपूर. पण समोरून ठोसा आला की त्याला दोनच गोष्टी सुचतात. एक तर डोळे मिटून आत घुसायचं, नाहीतर सरळ मागे पळायचं. अशा पोरांना आम्ही काउंटर, म्हणजे समोरच्याच्या हल्ल्यालाच दिलेलं उत्तर, कसा शिकवतो, कुठल्या क्रमाने शिकवतो आणि तो क्रम तसाच का ठेवतो, ते इथे लिहीत आहोत.

काउंटर म्हणजे समोरच्याने आधी मारायचं आणि मग आपण मारायचं, अशी नव्या पोरांची समजूत असते. ही समजूत पहिल्याच आठवड्यात काढावी लागते. डोळ्यांनी पाहिलं आणि अंग हललं, यात माणसाचा साधारण पाव सेकंद जातो. चांगला जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) तेवढ्या वेळात, कधी त्याआधीच, नाकावर येऊन पोचलेला असतो. म्हणजे मूठ बघून हलणारा कायम उशिराच हलणार. त्यात ‘आता जॅब येतो की हूक (बाजूने वळून येणारा ठोसा), आणि मी चुकवू की अडवू’ असा विचार डोक्यात असेल तर आणखी उशीर. म्हणून कोणता ठोसा यावा हे आपणच ठरवायचं, तो यावा म्हणून तशी जागा उघडी दाखवायची, आणि त्या एका ठोशाला एकच उत्तर तयार ठेवायचं. काउंटर मारणारा वाट बघत बसलेला दिसतो, पण खरं तर तो समोरच्याला बोलावत असतो.

सुरुवात पवित्र्यापासून. कुस्तीचा पवित्रा खाली वाकलेला असतो, डोकं पुढे, हात खाली. पट काढायला तो उत्तम, पण एमएमएत पुढे झुकलेलं डोकं म्हणजे अपरकटला (खालून वर येणाऱ्या ठोशाला) आणि गुडघ्याला आमंत्रण. आम्ही एकच खूण सांगतो: नाक पुढच्या गुडघ्याच्या पुढे जाता कामा नये. पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, मागची टाच जमिनीपासून जराशी सुटलेली, दोन्ही गुडघे सैल. निव्वळ बॉक्सिंग करणारा पुढचा पंजा आत वळवून अंग पार आडवं करतो. इथे तसं केलं की बाहेरून पोटरीवर लाथ बसते आणि तो पाय उचलून अडवताही येत नाही. तेव्हा पुढचा पंजा जवळजवळ सरळ समोर ठेवायचा. वजन दोन्ही पायांवर सारखं ठेवायचं. पुढच्या पायावर भार गेला की लो-किक (पायावर येणारी लाथ) चुकवता येत नाही, आणि मागच्यावर गेला की पट आल्यावर कंबर मागे फेकायला उशीर होतो.

मग अंतर. बॉक्सिंगपेक्षा एमएमएतलं अंतर लांब असतं, कारण लाथ आणि पट या दोन्हींची भीती असते. आमच्याकडे दोघांनी समोरासमोर उभं राहून पुढचा हात पूर्ण ताणायचा. समोरच्याची मूठ आपल्या हनुवटीपासून वीतभर अलीकडे थांबेल तिथे जमिनीवर खडूची रेघ. त्या रेघेवर उभं राहिलं की समोरच्याला लागायचं असेल तर पाऊल टाकूनच यावं लागतं, आणि पाऊल मुठीपेक्षा आधी दिसतं. नजर त्याच्या छातीच्या वरच्या भागावर, दोन्ही खांदे आणि कंबर दिसतील अशी ठेवायची. हातमोज्याकडे बघणारा पोरगा प्रत्येक हुलीला फसतो. खांदा आणि पुढचा पाय एकत्र हलले तर ठोसा खरा. नुसता खांदा हलला आणि पाय जागेवर राहिला, तर बहुतेक वेळा हूल.

यानंतर पहिलं उत्तर. जॅबच्या बाहेरून सरकून आपला जॅब मारायचा. दोघेही उजव्या हाताचे असतील, म्हणजे डावा पाय पुढे, तर समोरच्याचा जॅब येताना आपलं डोकं उजवीकडे जातं, त्याच्या डाव्या हाताच्या बाहेर. किती? मुठीच्या रुंदीएवढं, फार तर त्याहून बोटभर जास्त. आणि डोकं कमरेतून वाकवून न्यायचं नाही. उजवा गुडघा थोडा दुमडतो, भार उजव्या पायावर जातो, डावा खांदा पुढे वळतो, त्या वळण्यासोबत डोकं आपोआप बाजूला होतं. त्याच वळण्यात आपला डावा हात सरळ सुटतो. सरकणं आणि मारणं ही दोन कामं नव्हेत, अंगाच्या एकाच वळणात दोन्ही होतात. म्हणूनच हे पहिलं शिकवायचं. उजवा हात या सगळ्या वेळात गालाला चिकटलेला असतो, कारण जॅबच्या मागून डावा हूक येऊ शकतो.

सरावाची साधनं साधी आहेत. खोलीच्या दोन भिंतींना खांद्याच्या उंचीवर दोरी बांधायची आणि दोरीच्या एका बाजूने चालत डोकं या बाजूचं त्या बाजूला न्यायचं, तीन मिनिटं, मग एक मिनिट थांबायचं. दोरीला मान घासली तर गुडघा वाकला नाही असं समजायचं. त्यानंतर जोडीदार. तो फक्त जॅब मारणार, दुसरं काहीही नाही, आणि तोही ताकदीच्या तिसऱ्या हिश्शाने. पण मारायचा तोंडावरच, तोंडाच्या बाजूला नाही. इथे मोठी चूक होते ती जोडीदाराकडून. मित्राला लागू नये म्हणून तो कानाच्या बाजूने मारतो, आणि शिकणारा न हलताही वाचतो. मग स्पारिंगमध्ये (सरावाच्या लढतीत) पहिला खरा जॅब नाकावर बसतो आणि पोरगा म्हणतो, ‘दादा, याले तर मी चुकवलंच व्हतं.’ हळू मारा पण नेमका मारा, हे जोडीदाराला रोज सांगावं लागतं.

एवढं हाडात बसलं की दुसरं उत्तर जोडतो. बाहेर सरकल्यावर भार उजव्या पायावर आहे, उजवा खांदा मागे आहे, म्हणजे उजवा क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा) भरून तयार आहे. जॅब मारून समोरच्याचा हात परत जात असतो त्याच वेळी तो क्रॉस त्याच्या हातावरून सोडायचा. मागची टाच बाहेर वळली पाहिजे. टाच वळली नाही तर ठोसा नुसत्या दंडाचा होतो. आत, म्हणजे डावीकडे सरकायचं आम्ही बरंच उशिरा शिकवतो. तिकडे सरकलं की डावा हूक भरतो हे खरं, पण डोकं समोरच्याच्या उजव्या हाताच्या वाटेत जातं. जॅबमागून क्रॉस आला तर तो पूर्ण ताकदीने लागतो. आत सरकायचं तर जॅब एकटाच येणार आहे याची खात्री हवी.

पॅरी हा त्याहून सोपा मार्ग आहे, पण पोरं तो बिघडवतात. जॅब उजव्या तळव्याने दोन-तीन इंच ढकलायचा, आपल्या चेहऱ्यासमोरच. पोरं हात लांब करून जॅब ‘पकडायला’ जातात. हात पुढे गेला की उजवा गाल उघडा पडतो आणि हूक बसतो. शिवाय उघडी बोटं समोरच्याच्या तोंडाकडे रोखणं हा नियमात फाउल आहे, त्यामुळे पॅरी करताना बोटं मिटलेली किंवा वर राहिली पाहिजेत. हातमोज्यांचा फरकही इथे कळतो. बॉक्सिंगच्या सरावाचा मोजा सोळा औंसांचा, त्यामागे तोंड लपतं. एमएमएच्या लढतीतला मोजा साधारण चार औंसांचा, म्हणजे जेमतेम ११३ ग्रॅम. दोन्ही हात तोंडापुढे धरून बसलात तरी मधल्या फटीतून मूठ आत येते. बॉक्सिंग बघून शिकलेली पोरं या एका गोष्टीवर हमखास मार खातात. तोंड झाकून बसण्यापेक्षा पायांनी हलणं इथे जास्त कामाचं.

मागे सरकून मारायचा काउंटर पोरांना सगळ्यात जास्त आवडतो, कारण तो बघायला झोकदार दिसतो. एमएमएतल्या अँडरसन सिल्व्हाने ऑगस्ट २००९ मध्ये फॉरेस्ट ग्रिफिनला असंच पाडलं. तो मागे सरकत होता, ग्रिफिन अंगावर येत होता, आणि सिल्व्हाने पुढच्या हाताचा छोटा ठोसा लावला. ताकद लावायची गरजच नव्हती, ग्रिफिनचं स्वतःचं येणारं वजन त्या मुठीवर आदळलं. हेच काउंटरचं गणित आहे. त्याच सिल्व्हाला जुलै २०१३ मध्ये क्रिस वाइडमनने पाडलं तेही नीट बघावं. पहिला ठोसा तो मागे झुकून चुकवतो, पाय मात्र हलत नाहीत. पुढच्या ठोशाच्या वेळी कंबर आणखी मागे जायला जागाच उरत नाही, आणि डावा हूक हनुवटीवर बसतो. या दोन लढती आम्ही पोरांना शेजारी शेजारी लावून दाखवतो, मोबाइलवर, संथ करून. पाय हलले तर काउंटर, पाय अडकले तर पडणं.

म्हणून मागे सरकण्याचा नियम असा: आधी मागचा पाय अर्धं पाऊल मागे, लगेच पुढचा पाय तेवढाच मागे, डोकं कमरेच्या वरच. जॅब हनुवटीपासून दोन-तीन बोटांवर संपतो. त्याचा हात परत जायला लागला की मागच्या पायाने जमीन ढकलून उजवा क्रॉस. एकदा मागे सरकलं की दुसऱ्यांदा सरळ मागे जायचं नाही, बाजूला निघायचं. आमच्याकडे त्यासाठी हाक ठरलेली आहे: ‘मांगे नको जाऊ, बाजूले सरक!’ कमरेतून मागे झुकणाऱ्याला बॉक्सिंगमध्ये फार तर ठोसा लागेल; इथे डोक्यावर लाथ लागते, कारण मागे झुकलेलं डोकं लाथेच्या टप्प्यात नेमकं येतं.

अंगावर धावून येणाऱ्यासाठी पिव्हट घेऊन मारायचा डावा हूक. पुढच्या पायाचा चवडा खुंटी, त्याभोवती मागचा पाय फिरवून अंग काटकोनात वळवायचं, वळता वळता हूक. लागला तर उत्तम, नाही लागला तरी समोरचा रिकाम्या जागेत घुसतो आणि आपण त्याच्या बाजूला. कोपर खांद्याच्या उंचीला आणि हूक छोटा असेल तरच हे जमतं. मोठा वळसा घेतला तर तो काखेखालून शिरून कंबर धरतो.

आता लाथा. उजव्या लो-किकला सगळ्यात चांगलं उत्तर म्हणजे सरळ उजवा ठोसा. लाथ मारताना बहुतेकांचा उजवा हात तोल सांभाळायला खाली झोका घेतो, हनुवटीची उजवी बाजू उघडी पडते, आणि एका पायावरचा माणूस मागे सरकू शकत नाही. त्या क्षणी अर्धं पाऊल आत टाकायचं. आत गेलं की लाथेचा नडगीचा भाग चुकतो आणि मांडीचा, कमी जोराचा भाग आपल्याला लागतो. थोडं लागणारच, ते गृहीत धरावं. जो जागेवर उभा राहून मारतो त्याला लाथेचा पूर्ण जोर मिळतो आणि त्याची मूठ हवेत राहते.

पट आला तर काय, हा प्रश्न आमची पोरं लगेच विचारतात, कारण ती भाषा त्यांची आहे. खाली वाकून येणाऱ्याला अपरकट किंवा गुडघा मारायचा मोह सगळ्यांना होतो. नियम साधा आहे: त्याचं डोकं अजून आपल्या कोपरांच्या पुढे असेल तरच मारा. डोकं कोपरांच्या आत आलं, हात मांडीला लागला, की ठोसा विसरा आणि स्प्रॉल करा: दोन्ही पाय मागे, कंबर त्याच्या खांद्यावर. यात आखाड्यातला पोरगा इतरांच्या पुढे असतो. पट कधी येणार हे त्याला खांदा खाली जायच्या आधी कळतं. ही जाण ठोशांकडे वळवायची असते. पटाची हूल द्यायची, म्हणजे गुडघे वाकवून नजर त्याच्या मांडीवर टाकायची. समोरच्याचे हात खाली येतात, आणि वरून उजवा ठोसा मोकळा. उलट बाजूने, समोरचा घाबरून अपरकट मारतो, तो आपण ओळखून त्यावर डावा हूक. कुस्तीची भीती दाखवून ठोसा काढून घेणं, हा आमच्या भागातल्या पोरांसाठी सगळ्यात फायद्याचा काउंटर आहे असं आमचं ठाम मत आहे.

बोलावणं कसं द्यायचं यावर वेगळा वेळ द्यावा लागतो. डावा हात दोन इंच खाली घ्या, समोरच्याला क्रॉसची वाट दिसते. डोकं मधल्या रेषेवर क्षणभर जास्त ठेवा, तो जॅब टाकतो. एकाच जागी दोनदा जॅब मारून तिसऱ्यांदा अर्धाच मारा, तो तुमच्या जॅबवर काउंटर मारायला येतो आणि तुम्ही त्या काउंटरवर काउंटर मारता. डिसेंबर २०१५ मध्ये कॉनर मॅकग्रेगरने जोसे आल्डोला १३ सेकंदांत पाडलं. आल्डो उसळून आत आला, मॅकग्रेगर किंचित मागे सरकला आणि डावा सरळ हनुवटीवर. त्या झटापटीत आल्डोचा हूकही लागला होता हे पोरं विसरतात. एकाच वेळी मारलेल्या ठोशांत सरळ ठोसा आधी पोचतो, कारण त्याची वाट जवळची. म्हणून आम्ही सरळ ठोशांवर जास्त वेळ घालवतो. पण हनुवटी खांद्यामागे नसेल तर दोघेही पडतात.

डावखुरा समोर असला की सगळं आरशासारखं उलटं होतं. तिथे पुढचा पाय त्याच्या पुढच्या पायाच्या बाहेर ठेवायचा, पुढच्या हाताने त्याचा पुढचा हात दाबून धरायचा, आणि मागचा सरळ ठोसा मधून. आमच्याकडे डावखुरी पोरं कमी, त्यामुळे उजव्यांनाच अधूनमधून उलट उभं करतो.

लढतीच्या पिंजऱ्याची जाळी आमच्याकडे नाही. भिंतीला जाड गादी लावून काम भागतं. पाठ गादीपासून दोन हातांवर आली की निघायचंच, हा सराव तोंडी सांगून होत नाही. जमिनीवर चिकटपट्टी लावलेली आहे, ती टाचेला लागली की पिव्हट. तरी पाठ टेकलीच तर काय? इस्राएल अदेसान्याने एप्रिल २०२३ मध्ये अलेक्स परेराला जाळीला पाठ लागलेली असताना पाडलं. परेरा शेवट करायला मोठे ठोसे घेऊन आत आला आणि उजव्या हाताच्या काउंटरला सापडला. शेवट करायच्या घाईत माणूस गार्ड सोडतो, तेव्हा जाळीवरही दोन्ही हात वर, डोळे उघडे आणि एक उजवा शिल्लक ठेवायचा. पण हा शेवटचा उपाय. तिथे राहून लढायचं ठरवणाऱ्याला आमचा पाठिंबा नाही.

गुणांचा भागही पोरांना सांगावा लागतो. पंच आधी बघतात ते परिणामकारक मार आणि परिणामकारक कुस्ती. त्यात दोघे सारखे असले तरच आक्रमकता आणि नंतर मैदानावरचा ताबा बघितला जातो. पाच मिनिटांच्या फेरीत तुम्ही तीनच काउंटर मारले आणि समोरच्याने तीस हलके जॅब लावले, तर फेरी त्याच्याकडे जाऊ शकते. म्हणून काउंटरनंतर थांबायचं नाही. पहिला काउंटर, त्यामागून दोन ठोसे, मग बाजूला निघणं. एक मारून आपलं काम बघत उभा राहणारा पोरगा दुसऱ्याचा काउंटर खातो.

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ वर जातो, पत्र्याच्या शेडमध्ये तर विचारू नका. या दिवसांत काउंटरचा सराव पहाटेच. थकलेला पोरगा उशिरा हलतो, आणि उशिरा हलायची सवय लागली तर ती मोडायला फार वेळ जातो. गादीवर घाम सांडला की पिव्हट घेताना चवडा घसरतो आणि गुडघा पिळतो, म्हणून प्रत्येक फेरीनंतर कोरड्या फडक्याने पुसणं. लिंबू, मीठ, साखर घातलेलं पाणी घोट घोट. थंडीत उलटं: डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी खांदे आणि मान गरम व्हायला दुप्पट वेळ द्यावा, नाहीतर पहिल्याच सरकण्यात मान लचकते.

स्पारिंगमध्ये दातांचा मोल्ड (माउथगार्ड) सक्तीचा, मोज्याखाली १८० इंची पट्टी, मोजे जाड सरावाचे. सुरुवातीला एकजण फक्त दोन ठोसे मारणार, दुसरा फक्त ठरलेलं उत्तर देणार. मग तीन ठोसे. मग हूल घालायची परवानगी. मोकळं स्पारिंग त्यानंतर, आणि तेही निम्म्या जोराने. काउंटरमध्ये समोरचा स्वतःच्या वजनाने येऊन आदळतो, त्यामुळे निम्म्या जोराचाही पूर्ण लागतो. हेडगिअरने भुवई फुटायची वाचते, मेंदूला बसणारा हादरा थांबत नाही. डोक्याला लागून पोरगा डगमगला, उलटी झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा मिनिटाभरापूर्वीचं आठवेना, की त्या दिवशी सगळं बंद आणि डॉक्टरकडे. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गादीवर पाय नाही, मग लढत कितीही जवळ असो. परत आला की आधी दोरीखालून चालणं, मग एकट्या जॅबचा जोडीदार, आणि डोकं दुखत नाही, प्रकाश खुपत नाही, झोप नीट लागते हे कळल्यावरच समोर मोकळा माणूस.